बारोलोची बाटली, तिचा फिकट रंग आणि आमचं गुऱ्हाळ, जरा सल्ला पाहिजे

गुळाची_ढेप

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. प्रश्न वाईनचा आहे पण त्याच्यामागं घरातला एक विषय आहे त्यामुळं जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासनं पंधरा-सोळा किलोमीटर. घरचं गुऱ्हाळ आहे, आजोबांनी घातलेलं, आता आबा, थोरला भाऊ आणि मी बघतो. माझा मेव्हणा गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, तो कास्टिंगच्या कामासाठी इटलीत तुरीनला गेलेला आणि रविवारी सुट्टी होती म्हणून तिथनं जवळ बारोलो म्हणून गाव आहे तिकडं फिरून आला. येताना आमच्यासाठी एक बाटली आणली, लाल वाईन, २०१९ सालची, वर बारोलो लिहिलंय. मी आयुष्यात वाईन दोन-तीनदाच घेतलीय तीबी कुणाच्या तरी पार्टीत, त्यामुळं मला ह्यातलं काही कळत नाही.

पण मेव्हण्यानं जे सांगितलं ते डोक्यातनं जाईना झालंय. तो म्हणतो, एका छोट्या घरात गेलो, म्हातारी आई, मुलगा आणि नात एवढीच माणसं, द्राक्षं तेच लावतात, वाईन तेच करतात, लेबल तेच चिकटवतात. ग्लासात ओतली तर रंग एकदम फिकट, कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखा, आणि कडेला विटकरी झाक. मेव्हणा बोलून गेला की ही पातळ दिसतीय. तर तो माणूस म्हणाला की आमच्या द्राक्षाचा रंगच असा, मधे एक काळ असा आला की बाजाराला काळीभोर वाईन पाहिजे होती, आजूबाजूच्या बऱ्याच घरांनी तशी करून दिली, माझ्या वडलांनी नाही दिली आणि कितीतरी वर्षं आमच्याकडं कोण फिरकलं नाही.

आता आमचं ऐका. आमच्यात उलटं आहे, बाजाराला पिवळाधमक गूळ पाहिजे. रसात नुसती भेंडी घालून मळी काढली आणि बाकी काही घातलं नाही तर गूळ तांबूस-काळपट येतो, चवीला एक नंबर, पण सौद्यात रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप फोडली की व्यापारी रंग बघतो आणि दर पाडतो. हायड्रॉस म्हणून रंग उजळायचं रसायन येतं, ती टाकली की तोच गूळ पिवळा. थोरला म्हणतो दर कमी घेऊन गूळ शिजवणाऱ्या गुळव्याची आणि चुलवाणावरच्या माणसांची मजुरी कुठनं द्यायची, त्याचंही चुकीचं नाही, हिशेब तोच लिहितो. मी म्हणतो बंद करू. दोन हंगाम आमच्यात ह्याच्यावरनं वाद चाललाय, आबा मधे बसून गप्प असतात, कुणाचीच बाजू घेत नाहीत.

तर विचारायचंय हे की ही बाटली कशी ठेवायची, कधी उघडायची, मटणाबरोबर चालते का. आणि दुसरं, ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, तिथं खरंच अशी घरं आहेत का ज्यांनी जुनी पद्धत सोडली नाही, आणि ती टिकली कशी? का हे सगळं गिऱ्हाईकाला सांगायच्या गोष्टी आहेत?

रंकाळ्याकाठी

दादा, आधी बाटलीचं बोलू. मी पुण्यात हॉटेलात नऊ वर्षं काढली, वाईनचं काम माझ्याकडंच होतं, आता घरी आलोय.

बाटलीच्या गळ्यावर नंबर असलेली कागदी पट्टी आहे का बघा. ती सरकारी असते, बारोलोला तिथला सगळ्यात वरचा दर्जा १९८० साली मिळालाय, पट्टी त्याची खूण. नियम कडक आहेत, नेब्बिओलो नावाचं एकच द्राक्ष चालतं, दुसरं एक टक्का पण मिसळायचं नाही, आणि सुगीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासनं ३८ महिने झाल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात जायला पाहिजेत. रिझर्व्हा लिहिलेली असली तर ६२ महिने. म्हणजे तुमची २०१९ ची बाटली २०२३ उजाडेपर्यंत त्या घराला एक रुपया देऊ शकत नव्हती. ज्या घरात तीन माणसं आहेत त्यांनी हे पैसे तीन वर्षांवर अडकवून ठेवायचे म्हणजे काय असतं हे गुऱ्हाळवाल्याला मी काय सांगणार.

ठेवायचं म्हटलं तर माळ्यावर अजिबात ठेवू नका, स्वयंपाकघरात पण नको. आपल्याकडं एप्रिल-मेमधे माळ्यावर जे तापतं त्यात दोन महिन्यांत वाईन शिजल्यासारखी होते. खरं तर १२ ते १५ डिग्री पाहिजे पण तसलं कपाट घ्यायची गरज नाही, एकच बाटली आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. आडवी का तर बूच ओलं राहिलं पाहिजे, वाळलं की हवा आत जाते. असं काही महिने बिनधास्त चालतं, वर्षानुवर्षं नको.

उघडायची घाई नसेल तर २०१९ हे साल चांगलं मानतात, पुढं पंधरा-वीस वर्षं जाईल, पण ते तिकडच्या तळघरात, आपल्या फ्रीजमधे नाही. म्हणून माझं ऐकाल तर ह्याच थंडीत उघडा. आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ असला तर खाली बसेल. जेवायच्या दोन-तीन तास आधी बूच काढा आणि काचेच्या जगमधे हळूहळू ओता, शेवटचा गाळ बाटलीतच राहू द्या. पुस्तकात रूम टेम्परेचर लिहिलेलं असतं ते तिकडच्या दगडी घरांचं, आपली खोली नाही. १६ ते १८ डिग्री पाहिजे, म्हणजे हाताला गार लागली पाहिजे पण बर्फासारखी नाही.

मटणाबरोबर चालते का, तर पळते, पण तांबड्या रश्श्याबरोबर नको. हे मी कोल्हापूरचा असून सांगतोय. नेब्बिओलोत तुरटपणा भरपूर आणि अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास, तिखटावर ते पडलं की जिभेची आग होते, वाईन कडू लागते आणि रश्श्याची मजा पण जाते, दोन्हीचं नुकसान. अळणी मटण करा, अळणी म्हणजे बिनतिखटाचं. हळद, मीठ, आलं-लसूण, थोडी चरबी असलेले तुकडे आणि मंद आचेवर मऊ होईपर्यंत. तिकडं पण ते मांस बारोलोतच तासन्‌तास शिजवून खातात, मसाला नावालाच. चरबी आणि मांस तोंडात असलं की तुरटपणा निवतो. पांढरा रस्सा हलक्या हातानं केलेला असला तर तोही जमून जाईल.

रंगाचं म्हणाल तर तो माणूस खरं बोलला. नेब्बिओलोच्या सालीतच रंग कमी असतो आणि आहे तो टिकत नाही, लवकर विटकरी होतो. रंग फिका आणि ताकद जबर, असं द्राक्ष दुसरं फार नाही. ज्याला माहीत नाही तो बघूनच हलकी समजतो.

तुरीनला_दोन_वर्षं

वाचून बरं वाटलं भावा. मी पण फाउंड्रीवालाच, शिरोली एमआयडीसी, कंपनीनं दोन वर्षं तुरीनला ठेवलेलं, बारोलो तिथनं तासा-सव्वा तासावर, त्यामुळं शनिवार-रविवार लांगेच्या डोंगरात जायचो. लांगे म्हणजे तो सगळा टेकड्यांचा पट्टा, बारोलो, ला मोर्रा, सेर्रालुंगा, मोनफोर्ते अशी अकरा गावं मिळून ही वाईन होते. २०१४ साली युनेस्कोच्या यादीत आलाय तो भाग. आज बघाल तर श्रीमंती आहे, पण तिथल्या म्हाताऱ्यांशी बोललात तर कळतं की दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं काही नव्हतं, पोरं तुरीनला फियाटमधे नाहीतर आल्ब्याला फेरेरोत जायची, चॉकलेटवाली फेरेरो, ती १९४६ ला आल्ब्यात सुरू झाली आणि तिच्या बसगाड्या गावोगाव फिरून माणसं न्यायच्या, दिवसा कंपनीत आणि उरलेल्या वेळात शेतात. आपल्याकडं सकाळी एमआयडीसीला येणाऱ्या गाड्या बघा, तेच चित्र.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या घरांतच आहे. तिथं ह्या भांडणाला बारोलोचं युद्ध म्हणतात, एवढं ते गाजलंय.

आधी पद्धत समजून घे. जुने लोक काय करायचे, तर द्राक्षं चिरडली की साली रसात महिनाभर आणि कधी कधी त्याच्याहून जास्त ठेवायचे, साली वर तरंगतात म्हणून फळ्या टाकून खाली दाबून ठेवायच्या. मग मोठ्या पिंपात, मोठं म्हणजे दोन-पाच हजार लिटरचं, क्रोएशियातल्या स्लावोनियाच्या ओकचं, आणि एक पिंप दशकानुदशकं वापरायचं, त्यामुळं लाकडाची चव वाईनला लागत नाही, नुसती हळूहळू हवा लागते. अशी वाईन तरुणपणी एवढी तुरट असते की तोंड वाकडं होतं, दहा वर्षं थांबायचं.

आता एलिओ आल्तारे. ला मोर्राचा शेतकऱ्याचा पोरगा. १९७६ साली फ्रान्सला बर्गंडीत गेला आणि बघितलं की आपल्याएवढीच जमीन असलेली माणसं तिथं सुखात आहेत आणि आपण उपाशी. परत येऊन बापाला म्हणाला सगळं बदलू, बाप नाही म्हणाला. १९८३ ला त्यानं चेनसॉ घेऊन बापाची मोठी पिंपं कापून टाकली आणि २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपं आणली, त्यांना बार्रिक म्हणतात, नवीन लाकूड, वाईनला व्हॅनिलाचा वास आणि मऊपणा. बापानं त्याला वारसाहक्कातनं काढून टाकलं. पुढं त्याला स्वतःच्या घरची जमीन भावंडांकडनं विकत घ्यावी लागली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जेवण गेलं नाही मला. पण त्याच्याबरोबरची तरुण मंडळी पुढं गेली, अमेरिकेत नाव झालं, साली फिरत्या ड्रममधे घालून महिन्याचं काम थोड्या दिवसांवर आणलं, रंग गडद, चव मऊ, लवकर पिता येणारी. पैसा आला गावात. हे पण खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो, बारोलो गावातलाच. त्याच्या वडलांनी, जुलिओनं, १९१८ ला हे घर सुरू केलं. बार्तोलो तरुणपणी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढलेला माणूस. त्याची जमीन पाचेक हेक्टर, चार वेगवेगळ्या उतारांवर, आणि तो चारही ठिकाणची द्राक्षं एकत्र करून एकच बारोलो करायचा. सगळे एकेका शेताच्या नावानं महाग बाटल्या काढत होते तेव्हा पण हा म्हणाला आमच्या बापानं एकत्र केली, मी पण एकत्रच करणार, एका उतारावर गारपीट झाली तर दुसरा सांभाळून घेतो. छोटी पिंपं घरात येऊ दिली नाहीत. म्हातारपणी व्हीलचेअरवर बसून लेबलं हातानं रंगवायचा, १९९९ सालच्या वाईनवर तर त्यानं सरळ लिहिलं, बार्रिक नको, बेर्लुस्कोनी नको. बेर्लुस्कोनी म्हणजे तिथला मोठा राजकारणी, पंतप्रधान पण झालेला. २००५ ला बार्तोलो गेला. आता मुलगी मारिया तेरेझा बघते आणि अजून तेच, एकच बारोलो, मोठी पिंपं.

आणि शेजारी बेप्पे रिनाल्दी, शिक्षणानं गुरांचा डॉक्टर, १९९२ ला वडील गेल्यावर घरचं काम हातात घेतलं. त्याची कथा मला जास्त भावते कारण त्याला बाजारानं नाही तर नियमानं अडवलं. तो पण दोन-दोन शेतं मिसळून वाईन करायचा आणि लेबलवर दोन्ही नावं लिहायचा. २०१० पासनं नियम आला की दोन शेतांची नावं एकत्र लिहायची नाहीत. मग त्यानं एका वाईनचं नाव नुसतं ब्रुनाते, म्हणजे एकाच शेताचं, ठेवलं आणि दुसरीला त्रे तिने म्हणजे तीन लाकडी टाक्या असं नाव दिलं.

पण तू भावाचं लिहिलंस म्हणून कोन्तेर्नोंचं मुद्दाम सांगतो. मोनफोर्तेचं घर, बापाचं नाव जाकोमो. त्यांची मोनफोर्तिनो म्हणून वाईन आहे, मोठ्या पिंपात साधारण सात-सात वर्षं राहायची आणि साल जमलं नाही तर करायचीच नाही. १९६१ ला बापानं काम जोव्हान्नी आणि आल्दो ह्या दोघा भावांकडं दिलं. आल्दो अमेरिकेत राहून आलेला, त्याला काही गोष्टी बदलायच्या होत्या, जोव्हान्नीला काडीचाही बदल नको होता. १९६९ ला आल्दो वेगळा झाला, स्वतःचं घर काढलं. त्यानं साली रसात कमी दिवस ठेवल्या पण बारोलोसाठी पिंपं मात्र मोठीच ठेवली. आज दोन्ही घरांची वाईन जगात नावाजलेली आहे. वेगळी चूल मांडली म्हणून कुणाचं वाटोळं झालं नाही. मी तुला वेगळा हो म्हणत नाही, एका गुऱ्हाळात ते परवडणार पण नाही, पण दोघंही बरोबर असू शकतात एवढं मनात ठेव.

तासगावकर_बागायतदार

मी तासगावचा, द्राक्ष बाग तिसऱ्या पिढीची, थॉमसन आणि सोनाका, बेदाणा पण करतो. कोल्हापूरच्या चर्चेत घुसतोय, चालवून घ्या.

वरती कुणी उत्पन्नाचं बोललं नाही म्हणून लिहितोय. बारोलोला हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन द्राक्षं काढायची परवानगी आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टन. आमच्याकडं एकरी सव्वातीन टन निघाला तर बँकवाला दारात येईल. त्यांनी मुद्दाम घड कमी ठेवायचे, हिरवे असतानाच तोडून जमिनीवर टाकायचे. ज्यानं घड जोपासलाय त्यालाच माहिती आहे हातानं घड तोडून टाकताना पोटात काय होतं. आल्तारेवाल्या पोरांनी हे सुरू केलं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांना ते पाप वाटलं असेल तर मला नवल वाटत नाही, भूक बघितलेली माणसं ती.

दुसरं, त्यांच्याकडं ऑक्टोबरमधे द्राक्ष उतरतं आणि आमच्याकडं ऑक्टोबरमधे फळछाटणी. वेल तिकडं बर्फात झोपतो, वर्षाला एकदा छाटायचा, आमच्याकडं वेल झोपतच नाही म्हणून दोनदा छाटून त्याला फसवावं लागतं. नेब्बिओलो नाव पण तिकडच्या धुक्यावरनं पडलं असं सांगतात, नेब्बिया म्हणजे धुकं, सुगीच्या दिवसांत टेकड्या धुक्यात असतात. आम्हाला धुकं म्हटलं की डावणी हा वेलीचा रोग आठवतो आणि झोप उडते. आणि उत्तरेला तोंड असलेल्या उतारावर किंवा सपाटीला बारोलोची बाग चालतच नाही, कायद्यानंच. सूर्य कमी म्हणून.

खुंटाचं मात्र सारखंच आहे, आम्ही डॉगरिजवर कलम करतो, त्यांच्या पण वेली अमेरिकन खुंटावर, फिलोक्सेरा किडीनं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुळं खाल्ली तेव्हापासनं. म्हणजे जे पारंपरिक म्हणतो ते पण परक्या मुळावर उभं आहे. ह्यात मला काही वाईट वाटत नाही, जगायचं तर मूळ बदलावं लागतं, फळ बदललं नाही म्हणजे झालं.

जुना_बुधवार

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका, दोन्ही बाजू आल्या पाहिजेत.

जुनं ते सगळं चांगलं होतं असं नाही. त्या जुन्या मोठ्या पिंपांतली कितीतरी नीट धुतलेली नसायची, वाईनला कुबट वास यायचा आणि लोक त्यालाच परंपरा म्हणायचे. नव्या पोरांनी तळघर स्वच्छ ठेवायला शिकवलं, रस आंबताना तापमान सांभाळायला शिकवलं, आणि आज जुन्या पद्धतीची म्हणवणारी घरं पण ह्या दोन गोष्टी पाळतात. तिकडं उलटं पण झालंय, छोट्या पिंपांचं वेड ओसरलं आणि बरेच जण परत मोठ्या पिंपांकडं वळले.

आणि परंपरा तरी किती जुनी? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेब्बिओलोची वाईन बऱ्याचदा गोडसर असायची कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत आंबणं मधेच थांबायचं. पूर्ण आंबवलेली, कोरडी, टिकाऊ वाईन नंतर मुद्दाम शिकून केली, त्यात बारोलोच्या जुलिया फाल्लेत्ती ह्या सरदार घराण्यातल्या बाईंचा मोठा वाटा. म्हणजे आज जे जुनं आहे ते एकेकाळी नवीनच होतं. आपला गुळाचा बाजार पण शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी पेठ वसवली तेव्हापासनंचा, त्याआधी असा बाजार कुठं होता.

पण गुऱ्हाळवाल्या दादांनी हायड्रॉसचं लिहिलंय ते पिंपाच्या वादात बसत नाही. लहान पिंप का मोठं ही चवीची गोष्ट आहे, रसायन घालून रंग बदलणं ही दुसरी. त्याच्यासाठी इटलीतलीच दुसरी गोष्ट आठवा. १९८६ ला तिथं स्वस्त वाईनमधे ताकद वाढवायला मिथेनॉल घातलेलं सापडलं, वीसच्या वर माणसं गेली, आणि ते प्रकरण पिएमॉन्ते प्रांतातच, बारोलोच्या शेजारच्या भागात उघडकीला आलं. सगळ्या देशाच्या वाईनची पत गेली, ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचा माल पण परत आला. त्यानंतर लोक विचारायला लागले की ही कुणी केली, कुठल्या शेतातली. हायड्रॉस म्हणजे मिथेनॉल नव्हे, मी तसं म्हणत नाही. पण माल कुणाचा हे विचारलं जायला लागलं की ज्याचं नाव स्वच्छ तो वाचतो. तुमच्या गुळावर आज तुमचं नाव असतं का? सौद्यात गेला की तो नुसता कोल्हापुरी गूळ. त्या इटलीतल्या घरांनी वाईन दुसऱ्याला विकायची सोडून स्वतःच्या बाटलीत भरायला घेतली तिथनं त्यांचे दिवस पालटले, पिंपं हा त्याच्या पुढचा विषय.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

सगळ्यांचं वाचलं, एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही असं वाटलं म्हणून लिहिते.

ही जी घरं वर आली ती आज कोण चालवतं बघा. बार्तोलोची मारिया तेरेझा. बेप्पे रिनाल्दी २०१८ ला गेले, त्यांच्या मार्ता आणि कार्लोत्ता ह्या दोघी मुली. ज्या आल्तारेला बापानं हाकललं त्याची सिल्व्हिया. आणि कियारा बोस्किस म्हणून आहेत, त्या नव्या पोरांच्या टोळीत एकट्याच बाई होत्या, त्यांच्या घराचं नाव पिरा ए फिल्यी, म्हणजे पिरा आणि मुलगे. बोर्डावर मुलगे आणि आत बाई काम करते. त्यांनी रसायनं सोडून शेती केली आणि कान्नुबी टेकडीवरच्या शेजाऱ्यांनाही त्या वाटेला लावलं.

मी वकिली करते, वाटणीचे दावे रोज बघते. आपल्याकडं मुलीचं नाव सातबाऱ्याला लागतं ते हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरतंच. मेव्हण्यानं सांगितलेल्या घरात पण नात होती असं तुम्ही लिहिलंय. दादा, तुमच्या घरात बहीण आहे, तिचाच नवरा ही बाटली घेऊन आला ना? ह्या वादात तिला कुणी विचारलंय का?

आणि जमिनीचं एक. बारोलोच्या चांगल्या उताराचा भाव आता हेक्टरला दहा लाख युरोच्या पुढं गेलाय. ऐकायला छान, पण घरात चार वारस असले आणि एकालाच वाईन करायची असली तर तो बाकीच्यांचा हिस्सा देणार कुठनं? व्हिएत्ती म्हणून जुनं नावाजलेलं घर २०१६ ला अमेरिकेतल्या उद्योजक कुटुंबाला विकलं गेलं. बाजारापुढं न वाकलेली घरं वाटणीपुढं वाकतात. तेव्हा आबा आहेत तोवर कागद नीट करून घ्या, हे मी वकील म्हणून नाही तर बहीण म्हणून सांगते.

गुळाची_ढेप

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, हंगाम सुरू झाला त्यामुळं जमलं नाही, पण सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलंय आणि बहिणीला पण वाचायला दिलं.

परवाच्या रविवारी बाटली उघडली. रंकाळ्याकाठी दादा, तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं, आदल्या दिवशी उभी ठेवली, चार वाजता बूच काढलं, आईनं अळणी मटण केलं. आई आणि वहिनी वाईन घेणार नाहीत म्हणाल्या पण वास घेतला, आई म्हणाली वाळलेल्या गुलाबाचा वास येतोय, आणि थोडा डांबरासारखा पण. मला वाटलं तिचं काहीतरीच, पण मेव्हणा म्हणाला त्या घरातली म्हातारी पण हेच दोन वास सांगत होती. मला पहिला घोट नाही आवडला, जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते तसं झालं. मटणाबरोबर मात्र वेगळीच गोष्ट, तुरटपणा कुठं गेला कळलं नाही.

आबांनी ग्लास खिडकीकडं धरून बघितला, ते गुळाचा खडा बघतात तसा. म्हणाले, ह्येचा रंग उडालाय व्हय? मेव्हण्यानं सांगितलं आबा, उडाला नाही, मुळातच असा, आणि त्या माणसाच्या बापाची सगळी गोष्ट परत सांगितली. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थोरल्याला म्हणाले, आजोबा होते तवा आमचा गूळ असाच तांबडा असायचा आणि निपाणीपासनं माणसं घरी येऊन न्यायची, सौद्याला जायचाच नाही. हे मी कधी ऐकलं नव्हतं, थोरल्यानं पण नाही. एवढी वर्षं विचारलंच नाही आम्ही.

थोरला लगेच हो म्हणाला असं नाही. त्यानं हिशेब मांडला, पूर्ण बंद केलं तर ह्या वर्षी मजुरीला कमी पडतील, हे मला पण मान्य करावं लागलं. पण आठवड्यातले दोन दिवस हायड्रॉस न घालता काहिली म्हणजे गुळाच्या मोठ्या कढया घ्यायच्या, तो गूळ सौद्याला पाठवायचा नाही, एक-एक किलोच्या ढेपी करून त्यावर गावाचं आणि आजोबांचं नाव टाकायचं, इथपर्यंत तो आलाय. नाव टाकायची कल्पना जुना बुधवार ह्यांची, त्याला ती पटली. विक्री आणि हिशेब बहीण बघणार, ती म्हणाली मला नुसतं मदतीला नका धरू, भागीदारीच्या कागदावर नाव घाला. आबा म्हणाले घाला. राजारामपुरीच्या ताई, कागद काय करायचा ते तुम्हाला मेसेज करतो.

पहिल्या दोन काहिली बुधवारी झाल्या. गुळव्या नाराज होता, पंचवीस वर्षं पिवळा गूळ काढणारा माणूस, त्याला वाटलं लोक म्हणतील ह्याचा हात बिघडला. मग त्याला पण आबांनीच समजावलं. गूळ तांबडा आलाय, कडेला थोडा काळसर, कणी चांगली पडलीय.

तासगावकर_बागायतदार

दादा दहा किलो बाजूला ठेवा. शनिवारी बेदाण्याच्या कामानं कोल्हापुरात येतोय, पत्ता मेसेज करा, घरीच येतो न्यायला. आणि गुळव्याला सांगा, घरी येऊन न्यायला माणसं लागली म्हणून.